हेदवीचा कातळ ते माणचा माळ

गुहागर तालुक्यातलं हेदवी आणि सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं दहिवडी यांच्यात सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही अंतर नाही. पण तेवढ्यात समुद्राचा कातळ लागतो, भातखाचरं लागतात, घाटमाथ्यावरचं सदाहरित जंगल लागतं, सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, फुलं लागतात आणि शेवटी कुसळाचा माळ लागतो. कोणती वनस्पती, कोणता प्राणी कुठे सापडतो, कुठे सापडत नाही आणि का, हा इकॉलॉजीचा मूळ प्रश्न. तोच प्रश्न मनात धरून ही रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडे एका दमात पार करायची, असं ताईनं फार दिवस ठरवलं होतं. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. बरोबर तिचा आठवीतला मुलगा होता. आम्ही सप्टेंबरअखेर निवडली. त्या सुमारास घाटावर पाऊस ओसरायला लागतो, कासच्या पठारावर फुलं असतात आणि माणात गवत अजून हिरवं असतं.

शनिवार, हेदवी

भाद्रपदी पौर्णिमा आदल्या दिवशी झाली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे भरती पाऊण वाजता आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, पावणेसातच्या सुमाराला. आम्ही उजाडताच उमामहेश्वराच्या देवळाशेजारच्या कातळावर पोचलो. बामणघळ इथलीच. भरतीला या चिंचोळ्या घळीत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. ते बघायला लोक दुपारी येतात. आम्हाला मात्र पाणी उतरलेलंच हवं होतं.

कातळाच्या उभ्या अंगावर आडवे पट्टे होते. सगळ्यात वर, जवळजवळ कोरड्या दगडाच्या भेगांत मुगाच्या दाण्याएवढे शंख. त्याखाली बार्नॅकल, म्हणजे दगडाला कायमचे चिकटलेले बारीक कवचवाले जीव, त्यांचा पांढुरका, खरखरीत पट्टा. मग कालवं, म्हणजे ऑयस्टर. त्याखाली शेवाळाचा हिरवा-तपकिरी गालिचा, आणि डबक्यांत हात लावताच मिटणारी समुद्रफुलं. वरपासून खालपर्यंत सगळं मिळून दोन पुरुष उंचीतलं. भाच्यानं बोट ठेवून विचारलं, "हे इथेच का थांबलं? एक वीत खाली का नाही गेलं?"

या प्रश्नाचं सुंदर उत्तर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मिळालेलं आहे. जोसेफ कॉनेल यांनी तिथे बार्नॅकलच्या दोन जातींचा अभ्यास केला आणि तो १९६१ साली प्रसिद्ध केला. एक जात खडकाच्या वरच्या भागात राहायची, दुसरी खालच्या. कॉनेलनी काही ठिकाणची खालची जात काढून टाकली, तर वरची जात तिथे खालीही उत्तम जगली. म्हणजे खालचं पाणी तिला मानवत होतं, शेजारीण जगू देत नव्हती. ती झपाट्यानं वाढते, हिच्या अंगावर चढते, हिला दगडावरून उचकटते. उलट ती खालची जात वर गेली तर ओहोटीच्या उन्हात वाळून मरते. तेव्हा पट्ट्याची वरची कड उन्हानं आखलेली आणि खालची कड शेजाऱ्यानं. एका पट्ट्याला दोन कडा, आणि दोन्हींची कारणं वेगळी. ही गोष्ट मला पुढे सबंध प्रवासभर उपयोगी पडली.

तेवढ्यात तीन बायका कालवं काढायला आल्या. हातात लोखंडी टोकदार हत्यार, कमरेला पिशवी. त्यातल्या वयस्कर मावशींना आम्ही काय बघतोय ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वरच्या कालवांना हात नाय लावायचा. बारीक निघतात. भरलेली हवीत तर पाण्याजवळ जावा." वरच्या कालवाला पाण्याखाली कमी वेळ मिळतो, आणि ते पाण्यातूनच अन्न गाळून खातं, म्हणून ते बारीक राहतं. मावशींना हे रोजच्या कामातून ठाऊक होतं. त्या कुठल्याही एका जागी फार वेळ बसत नव्हत्या. दोन-चार टिपायची आणि पुढे सरकायचं. "सगळी काढली तर पुढल्या महिन्यात काय खाणार?" असं त्यांनीच सांगितलं.

जेवायला मुक्कामाच्या घरी घावन, ओल्या नारळाची चटणी आणि सोलकढी. काकूंनी कालवांचं सुकं वेगळं करून ठेवलं होतं.

जाणाऱ्यांसाठी: उधाणाच्या ओहोटीची वेळ साधा, एरवी खालचे पट्टे दिसत नाहीत. पाणी परत चढायला लागलं की लगेच मागे फिरा. सप्टेंबरात समुद्र शांत झालेला नसतो, त्यामुळे घळीच्या कडेला अजिबात जाऊ नका. पकड असलेले बूट घाला. शेवाळावर चप्पल सटकते आणि कालवांची धार पाय कापते. दगड उलटा केलात तर पुन्हा तसाच ठेवा, खालच्या जिवांचं ते छप्पर असतं.

रविवार, आंबेनळी घाट आणि महाबळेश्वर

चिपळूण, खेड, पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाट. पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण चाळीस किलोमीटर. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, तेव्हा निघण्याआधी रस्ता चालू आहे ना, हे पोलादपुरात विचारून घ्या. आम्हाला दरड लागली नाही, पण प्रतापगडाच्या फाट्याच्या वर धुकं इतकं दाटलं की पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनात. एका टपरीशी थांबलो आणि कांदाभजी, चहा यात बराच वेळ गेला. टपरीवाले काका म्हणाले, "हे काहीच नाही. जुलैत आम्हाला आमचा हात दिसत नाही."

ताईनं पुढच्या प्रवासासाठी एक काम ठरवून दिलं. ठरावीक अंतरावर गाडी थांबवायची आणि झाडांची खोडं बघायची. खोडावर शेवाळ किती, दगडफूल किती, नेचे किती, आमरी, म्हणजे ऑर्किड, आहेत का. भाच्याकडे वही.

महाबळेश्वरच्या पहिल्याच नोंदीत त्यानं लिहिलं: खोडाची साल दिसत नाही. खरंच दिसत नव्हती. शेवाळाची ओली दुलई, तिच्यात रुजलेले नेचे आणि फांद्यांच्या बेचक्यात आमरींची झुबकी. झाडं अंजनी, जांभूळ, पिसा, मधूनमधून हिरडा. महाबळेश्वरच्या जंगलाची ओळखच अंजनी-जांभूळ-पिसा या मेळानं सांगतात. कड्याच्या तोंडाशी, जिथे वाऱ्याचा मार सरळ बसतो, तिथली झाडं ठेंगणी आणि वाकडी. तिथून थोडं आत घळीत उतरलं की त्याच जातींची झाडं सरळ आणि कितीतरी उंच. पाऊस दोन्हीकडे सारखाच, फरक वाऱ्याचा आणि मातीच्या खोलीचा.

इथे वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिमी पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीला अडते, वर चढते, थंड होते आणि पाणी टाकते. पलीकडे उतरताना तीच हवा तापते, ढग विरतात आणि पूर्वेला पर्जन्यछाया पडते. हे आपण भूगोलात शिकतो. पण शाळेच्या पुस्तकातल्या त्या चित्रात डोंगराच्या एका बाजूला ढग आणि दुसऱ्या बाजूला ऊन एवढंच असतं. उतार किती झपाट्याचा आहे, हे रस्त्यानंच कळतं.

संध्याकाळी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णेचा उगम इथला. अरबी समुद्र इथून पासष्ट किलोमीटरच्या आत, आणि नदी मात्र सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराकडे निघते. गोमुखाखाली हात धरला तर पाणी बर्फासारखं गार.

सोमवार, पाचगणी, वाई, सातारा

महाबळेश्वर ते पाचगणी एकोणीस किलोमीटर. उंचीत फरक फार नाही, महाबळेश्वर साधारण १,४०० मीटरवर आणि पाचगणी १,३०० च्या आसपास. पाऊस मात्र तिसऱ्या हिश्श्यावर येतो. खोडांच्या वहीत हे स्वच्छ उतरलं. वेण्णा तलावाशी शेवाळ जाड, आमरी भरपूर. अर्ध्या वाटेवर आमरी तुरळक, शेवाळ खोडाच्या एकाच अंगाला. पाचगणीच्या खोडांवर दगडफुलाचे करडे-हिरवे डाग उरले होते, शेवाळ बुंध्याशी. नंतर पसरणी घाट उतरून वाईत आलो आणि गाडीची काच खाली केली तर ऊन लागलं. कृष्णेच्या घाटावरच्या वडाची साल कोरडी ठणठणीत. भाच्यानं लिहिलं: काही नाही. दोन तासांपूर्वी आम्ही स्वेटर घालून होतो.

गणपतीच्या देवळासमोरच्या चहावाल्यांनी याहून नेमकं सांगितलं. "पावसाळ्यात वर बघायचं. पाचगणीचा डोंगर काळाभोर दिसतो. आम्ही इथं छत्री न उघडता उभे असतो." वाईचा पाऊस वर्षाला हजार मिमीच्या आत.

पॅटर्न एकदा दिसायला लागला की तो झाडांपुरता राहत नाही. कोकणात कौलांना उभा उतार. महाबळेश्वरात पावसाळ्यापुरते भिंतींना गवताचे ताटे किंवा प्लास्टिक बांधतात. वाईच्या पुढे छपरांचा उतार मंदावतो, आणि माणातल्या जुन्या घरांवर सपाट मातीची माळवदं. पिकांचंही तसंच: खाली भात, घाटाच्या उतारावर नाचणी आणि वरी, पूर्वेला ज्वारी-बाजरी. भाकरीचा रंग बदलत जातो. वाईत खानावळीत ज्वारीची भाकरी आणि वाटाण्याची उसळ खाल्ली, रात्री साताऱ्यात मुक्काम, आणि कंदी पेढे घेतल्याशिवाय सातारा सोडायचा नाही हा आमच्या घरचा नियम आहेच.

मंगळवार, कास

शनिवार-रविवार टाळण्यासाठीच कास मंगळवारी ठेवलं होतं. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर. प्रवेशाची नोंदणी आधी ऑनलाइन करा, रोज मर्यादित लोकांनाच सोडतात. सकाळी लवकर जा. पठारावर नेमलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका. इथे पायाखाली येणारं रोप बोटाच्या पेराएवढं असतं.

आम्हाला वाट दाखवायला जवळच्याच गावातली एक मुलगी होती. तिनं सुरुवातीलाच सांगितलं, "फुलं लांबून बघितली तर रंग दिसतात. बसून बघितलं तर घरं दिसतात." मग ती बसली, आणि आम्हीही.

कासचं पठार म्हणजे बेसॉल्टवरची जांभ्याची टोपी, सुमारे १,२०० मीटर उंचीवर. माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे नाहीच. पाणी मुरायला जागा नाही, म्हणून पावसाळाभर ते साचतं, झिरपतं, वाहतं, आणि हिवाळ्यात सगळं कोरडं पडतं. उघड्या दगडावर दगडफूल. जिथे पातळ मातीवरून पाणी सतत पाझरतं तिथे सीतेच्या आसवांचा जांभळा-निळा थर आणि त्यांच्यात गेंदाची पांढरी बोंडं. या मातीत नत्र-स्फुरद फार कमी, म्हणून सीतेची आसवं मुळांसारख्या दिसणाऱ्या तंतूंवरच्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात, आणि शेजारचं दवबिंदू नावाचं रोप चिकट केसांवर चिलटं. पाणी साचलेल्या खळग्यात जांभळी मंजिरी. माती थोडी जाड झाली की गुलाबी तेरडा, कवल्याची पिवळी फुलं, सोनकी. जाड मातीच्या कडेला टोपली कारवीचे गोल घुमट, ती सात वर्षांनी एकदाच फुलते. यंदा तिचं वर्ष नव्हतं.

हेदवीच्या कातळावरचे पट्टे उंचीनं लावलेले होते, इथले खोलीनं. मातीची खोली बोटभर बदलली की वस्ती बदलते. ताईनं इथे सायमन लेविन या इकॉलॉजीच्या अभ्यासकाची आठवण काढली. १९९२ साली त्यांनी निसर्गातले पॅटर्न आणि ते बघायची मोजपट्टी यांवर लिहिलं आणि ते आज इकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना वाचावंच लागतं. त्यांचं म्हणणं असं: निसर्गाकडे बघायची एकच खरी मोजपट्टी नसते. प्रत्येक पट्टीवर वेगळी रचना दिसते आणि तिची कारणंही बहुतेक वेळा दुसऱ्याच पट्टीवर असतात.

मला हे कासला बसून समजलं. सीतेची आसवं या खळग्यात का आहेत, याचं उत्तर वीतभर अंतरात आहे: पाझर आणि पातळ माती. पण ती कासवर आहेत आणि दहिवडीत नाहीत, याचं उत्तर शंभर किलोमीटरच्या पट्टीवर आहे: पाऊस. आणि इथे जांभा मुळात का आहे, याचं उत्तर लाखो वर्षांच्या. तिन्ही उत्तरं खरी, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. असल्या सड्यांवर अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं काम केलं, म्हणून आज आपण 'नुसता दगड' म्हणून त्यांच्याकडे पाहत नाही. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. कोकणातल्या कितीतरी सड्यांना मात्र कसलंच संरक्षण नाही. तिथला जांभा चिऱ्यांसाठी कापला जातो, आणि बोटभर मातीवरचं हे सगळं जग त्याबरोबर जातं. ही मातीची खोली पुन्हा भरून आणता येत नाही.

दुपारी दोनला ढग उतरले आणि पठार दिसेनासं झालं. परतताना कास तलावाशी थांबलो. साताऱ्याला पाणी इथून जातं. याच भागात उरमोडी नदी उगम पावते. तिचं नाव लक्षात ठेवा.

बुधवार, माण

कोरेगाव, वर्धनगडाचा चढ, पुसेगाव आणि पुढे दहिवडी. आकाश मोठं होत जातं. झाडं एकमेकांपासून लांब सरकतात: हिवर, बोर, बाभूळ, आणि रस्त्याकडेला तरवडाची पिवळी फुलं. इथला पाऊस वर्षाला पाचशे मिमीच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरच्या दहाव्या हिश्श्याहून कमी.

माळावर पवन्या आणि कुसळ कमरेएवढं वाढलेलं. कुसळाचं बी मोज्यात घुसलं की चालवत नाही, पण ताईनं भाच्याच्या तळहातावर एक बी ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. त्याचं लांब केस हळूहळू गिरकी घ्यायला लागलं. ओल लागली की केस उलगडतं, वाळलं की पुन्हा पीळ खातं, आणि या फिरण्यानं टोकदार बी स्वतःला मातीत रुतवून घेतं. ज्या मुलखात पाऊस दोन-चार सरींत येतो, तिथे पहिल्या ओलीतच जमिनीत शिरायची ही तयारी. भाचा बराच वेळ उठला नाही.

दहिवडीच्या पुढे मेंढरांचा एक वाडा, म्हणजे फिरत्या धनगरांचा तळ, उतरला होता. कुत्र्यांनी आमच्यावर झेप घेतली, वाड्यातल्या आबांनी एका हाकेत त्यांना बसवलं. सत्तरीच्या पुढचे, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. कुठून कुठे जाता विचारलं तर त्यांनी काठीनं पश्चिमेकडे दाखवलं. "दसरा झाला की निघायचं. घाट उतरून कोकणात. भात निघालेलं असतंय, शेतकरी मेंढरं बसवून घेत्यात, धान्य देत्यात. पाऊस यायच्या आत परत हितं." पावसाळ्यात कोकणात का थांबत नाही, असं भाच्यानं विचारलं. "मेंढराला चिखल सोसत न्हाई रं बाळा. खुरं कुजत्यात. पावसात हाच मुलूख बरा, हितं गवात कोरड्या जमिनीवर मिळतंय."

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या धनगरांवर अभ्यास केला, त्यात हेच मांडलं आहे. मेंढ्या पाळणारे धनगर पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात, आणि म्हशी-गाई पाळणारे गवळी धनगर घाटमाथ्याच्या पावसात. महाबळेश्वर ते माण हा जो पावसाचा उतार आम्ही खोडांवरून वाचला, तो या समाजाच्या शाखांनी पिढ्यान्‌पिढ्या आपसात वाटून घेतला आहे. आणि आबांसारखे लोक वर्षातून दोनदा तो उतार पायी चालतात.

आजींनी हुलग्याचं माडगं दिलं, वर लसणाची फोडणी. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. नको म्हणायची सोय नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

जेवताना आबा माळाच्या पलीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिकडं ऊस झालाय. पहिलं समदं चरायचं रान." उरमोडीचं पाणी कालव्यांनी आणि पंपांनी खटाव-माणपर्यंत आलं आहे. कासच्या अंगाला पडलेला पाऊस डोंगर ओलांडून इथे उसाला मिळतो. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली त्यांना पाणी मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. त्याच वेळी माळाकडे बघायची आपली नजर मला खटकते. कागदोपत्री हा माळ 'पडीक'. म्हणून त्यावर खड्डे खणून झाडं लावायची, नाहीतर तो नांगरायचा. पण खोकड, लांडगा आणि धाविक, चंडोल यांसारखे पक्षी यांना हीच उघडी जमीन लागते. पाचशे मिमी पावसाच्या मुलखात गवत हीच तिथली पूर्ण वाढलेली परिसंस्था आहे. जंगल होता होता राहिलेली ती जागा नव्हे. झाडं लावायची तर ती गावात, बांधावर, ओढ्याकाठी लावावीत. माळ माळच राहू द्यावा.

चारच्या सुमाराला परतीच्या पावसाचे ढग पूर्वेकडून चढले. आठ दिवसांपूर्वी इथे अशीच एक सर झाली होती आणि ओढ्याच्या एका काठाला गवत गुडघाभर होतं, दुसऱ्या काठाला घोट्याएवढं. सर ओढ्याच्या अलीकडेच थांबली होती, असं आबांनी सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी: माणच्या माळावर पाणी भरपूर न्या, सावली मिळत नाही. लांब पँट आणि जाड मोजे घाला. वाडा दिसला तर लांबूनच हाक द्या आणि कुणी पुढे येईपर्यंत थांबा. ही रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडेच करा, म्हणजे ओलं ते कोरडं हा उतार एकसलग नजरेत राहतो. घाईत असाल तर पाचगणीत रेंगाळू नका, पण महाबळेश्वर ते वाई हा रस्ता दिवसाउजेडी आणि थांबत थांबतच करा.

दिवाळीच्या सुट्टीत ताई आणि भाचा आबांच्या वाड्याबरोबर घाट उतरेपर्यंत चालणार आहेत. या वेळी पूर्वेकडून पश्चिमेकडे, मेंढरांच्या चालीनं. भाच्यानं खोडांच्या वहीची उरलेली पानं त्यासाठी मोकळी ठेवली आहेत.